मेथडचं नाव फाइलमधून येतंय, मग ती कॉल कशी करायची? कॉमन लिस्पमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

पायथनमधून आलात तर हात आपोआप `गेटॲटर` शोधतो, रूबीमधून आलात तर `सेंड`. ऑब्जेक्ट द्यायचा, मेथडचं नाव स्ट्रिंग म्हणून द्यायचं, काम झालं. कॉमन लिस्पमध्ये मी हेच शोधत होतो. माझा प्रोग्राम छोटा होता: एका टेक्स्ट फाइलमध्ये पासबुकासारख्या ओळी, "जमा ५००", "काढ २००", "शिल्लक". प्रत्येक ओळीतला पहिला शब्द वाचायचा आणि त्या नावाची मेथड खात्यावर चालवायची. पहिल्या संध्याकाळी ते चाललंही. पुढचे कित्येक दिवस मात्र ते कधी चालायचं, कधी नाही, आणि का ते कळत नव्हतं. ज्या जागी मी अडकलो, त्या सगळ्या इथे क्रमाने मांडल्या आहेत.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आधी एक खुलासा. या लेखातला कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहे. `डेफमेथड`, `फनकॉल`, `~ए` अशा लिस्पच्या स्वतःच्या गोष्टी आणि कोडमधले आकडे टाइप करताना रोमन लिपीत टाका. `खाते`, `जमा`, `काढ` ही आपण ठेवलेली नावं मात्र एसबीसीएलमध्ये (हे कॉमन लिस्पचं एक इम्प्लिमेंटेशन) देवनागरीतच चालतात.

काय काय लागेल

- एसबीसीएल. कॉमन लिस्पची इतर इम्प्लिमेंटेशन्सही चालतील, पण मी सगळं यावरच चालवून पाहिलं आहे.
- इमॅक्स एडिटर आणि त्यातून लिस्प चालवणारं स्लाइम, किंवा तसंच स्लाय. त्याशिवायही भागतं, पण चुका शोधताना डीबगर समोर असला की निम्मा त्रास वाचतो.
- यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली, चार-पाच ओळींची चाचणीची फाइल.
- `डिस्क्राइब` आणि `ॲप्रोपॉस` या दोन फंक्शन्सची सवय. एखाद्या नावामागे नेमकं काय आहे, ते यांना विचारायचं.

१. मेथड ऑब्जेक्टच्या पोटात शोधू नका

पहिली अडचण कोडमध्ये नसते, आपल्या कल्पनेत असते. पायथनमध्ये मेथड क्लासच्या मालकीची असते. कॉमन लिस्पमध्ये ती जेनेरिक फंक्शनच्या मालकीची असते. `जमा` हे एक जेनेरिक फंक्शन. `खाते` आणि `बचत-खाते` यांच्यासाठीच्या वेगवेगळ्या मेथड त्याच्याकडे नोंदवलेल्या. कोणती चालवायची हे ते आलेले सगळे आर्ग्युमेंट बघून ठरवतं, फक्त पहिलाच नव्हे.

हे नेहमीच असं नव्हतं. एमआयटीच्या लिस्प मशीनवर फ्लेवर्स नावाची ऑब्जेक्ट पद्धत होती. तिच्यात ऑब्जेक्टला `सेंड` करून निरोप पाठवायचा आणि निरोपाचं नाव कीवर्ड, म्हणजे कोलनने सुरू होणारं नाव, असायचं. पुढे न्यू फ्लेवर्स आणि झेरॉक्स पार्कमधलं कॉमनलूप्स यांच्यातून सीलॉस (कॉमन लिस्पची ऑब्जेक्ट पद्धत) आकाराला आलं, १९८८ मध्ये ते प्रमाणीकरण समितीने स्वीकारलं आणि १९९४ च्या आन्सी प्रमाणात ते आलं. त्यात `सेंड` उरला नाही, कारण गरजच उरली नाही: मेथड कॉल करणं म्हणजे साधं फंक्शन कॉल करणं.

म्हणून "या ऑब्जेक्टमधली अमुक नावाची मेथड दे" असा प्रश्न इथे विचारायचाच नाही. "अमुक नावाचं फंक्शन कोणतं?" असं विचारायचं. एकदा हे पटलं की पुढचा सगळा प्रश्न नावाचा होतो, आणि लिस्पमध्ये नाव म्हणजे स्ट्रिंग नव्हे, सिंबॉल: नाव धरून असलेली एक स्वतंत्र वस्तू.

```
(डेफक्लास खाते ()
  ((शिल्लक :इनिटफॉर्म 0 :ॲक्सेसर शिल्लक)))

(डेफजेनेरिक जमा (ख रक्कम))

(डेफमेथड जमा ((ख खाते) (रक्कम इंटिजर))
  (इन्क्फ (शिल्लक ख) रक्कम))
```

२. सिंबॉल हातात असेल तर काम एका ओळीचं

```
(फनकॉल 'जमा माझं-खातं 500)
```

एवढंच. `फनकॉल`ला फंक्शन द्या किंवा सिंबॉल द्या, दोन्ही चालतं. सिंबॉल दिला तर तो त्या क्षणी त्याच्यामागचं ग्लोबल फंक्शन शोधतो. त्यामुळे `फ्लेट` किंवा `लेबल्स`ने आत बांधलेलं त्याच नावाचं फंक्शन त्याला दिसत नाही. मी एकदा चाचणीसाठी `फ्लेट`मध्ये खोटं `जमा` लिहिलं होतं आणि खऱ्या खात्यातच पैसे वाढत राहिले.

आर्ग्युमेंट किती येतील हे आधी माहीत नसेल, ते लिस्टमध्ये असतील, तर `अप्लाय`:

```
(अप्लाय 'जमा माझं-खातं '(500))
```

वेग कमी होईल अशी भीती वाटत असेल तर सोडून द्या. सिंबॉलमार्फत कॉल करताना एक वळसा जास्त पडतो, पण ज्या ठिकाणी नाव फाइलमधून येतं तिथे फाइल वाचायलाच त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

३. स्ट्रिंगवरून सिंबॉल: `इंटर्न` नको, `फाइंड-सिंबॉल`

खरी गुंतागुंत इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू या.

स्ट्रिंगचा सिंबॉल करायला दोन फंक्शन्स दिसतील. `इंटर्न` त्या नावाचा सिंबॉल पॅकेजमध्ये, म्हणजे सिंबॉलच्या एका संग्रहात, शोधतो, आणि नसला तर नवा करून ठेवतो. `फाइंड-सिंबॉल` फक्त शोधतो. बरीच उदाहरणं `इंटर्न` वापरतात आणि नवखा माणूस तेच उचलतो. त्याचे दोन तोटे आहेत. फाइलमध्ये कुणी "जमाा" असं चुकून टाइप केलं तर `इंटर्न` तक्रार करत नाही, त्या नावाचा नवा, रिकामा सिंबॉल बनवतो. चूक पुढे `फनकॉल`पाशी, भलत्याच संदेशासह उघडी पडते. दुसरं, असे सिंबॉल पॅकेज धरून ठेवतं, त्यामुळे गार्बेज कलेक्टर त्यांना उचलत नाही. महिनोन्महिने चालणाऱ्या सर्व्हरवर बाहेरून येणारा प्रत्येक शब्द `इंटर्न` केलात तर मेमरी भरतच जाईल.

`फाइंड-सिंबॉल` दोन किमती परत करतो: सिंबॉल, आणि त्याचा दर्जा. दर्जा `:इंटर्नल`, `:एक्स्टर्नल` (एक्स्पोर्ट केलेला), `:इनहेरिटेड` (दुसऱ्या पॅकेजकडून वारशाने आलेला) यांपैकी एक, किंवा काहीच सापडलं नाही तर `निल`. सापडलं की नाही हे दुसऱ्या किमतीवरूनच ठरवा. पहिल्या किमतीवर विसंबलात तर `निल` नावाचा सिंबॉल सापडला की काहीच सापडलं नाही, यातला फरक कळणार नाही.

आता अक्षरांचे सापळे.

*लहान-मोठी लिपी.* लिस्पचा रीडर कोड वाचताना रोमन नावं मोठ्या लिपीत बदलतो. कोडमध्ये तुम्ही नाव लहान लिपीत लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष सिंबॉलचं नाव मोठ्या लिपीत असतं. `फाइंड-सिंबॉल` आणि `इंटर्न` मात्र स्ट्रिंग जशी आहे तशी घेतात. म्हणून रोमन नावं असतील तर आधी `स्ट्रिंग-अपकेस`. नवशिक्यांपैकी बहुतेकांची पहिली ठेच इथेच लागते. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही, त्यामुळे आपल्या नावांना हा त्रास नाही.

*अर्धा र.* देवनागरीचा स्वतःचा एक सापळा मात्र आहे, आणि तो मराठीतच जास्त भेटतो. मी एका आज्ञेचं नाव `दुसऱ्या-खात्यात` ठेवलं होतं. "ऱ्या" मधला तो आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या स्ट्रिंग आहेत. फाइल एका कीबोर्डवर टाइप झाली, कोड दुसऱ्यावर, आणि नाव "सापडेना". शंका आली तर दोन्ही स्ट्रिंगची `लेंग्थ` मोजून पाहा. मी आता आज्ञांच्या नावांत हे अक्षर येऊच देत नाही.

*ओळीच्या टोकांना चिकटलेलं काही.* विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक अदृश्य रिटर्न अक्षर असतं. "शिल्लक" ही एकाच शब्दाची ओळ असेल तर ते त्या नावालाच चिकटतं. काही एडिटर फाइलच्या सुरुवातीला अदृश्य बीओएम खूण टाकतात; तेव्हा फक्त पहिली ओळ फसते, बाकी सगळ्या चालतात. शोधण्याआधी `स्ट्रिंग-ट्रिम`ने दोन्ही काढून टाका.

४. पॅकेज नेहमी स्वतः सांगा

माझे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले.

`फाइंड-सिंबॉल`ला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून पॅकेज देता येतं. दिलं नाही तर तो `*पॅकेज*` या व्हेरिएबलमध्ये त्या क्षणी जे पॅकेज असेल त्यात शोधतो. त्या क्षणी, म्हणजे कॉल चालू असताना. कोड लिहिला तेव्हा नव्हे. स्लाइमच्या रेपलमध्ये (ओळ टाइप करून लगेच चालवण्याच्या खिडकीत) मी माझ्याच पॅकेजमध्ये बसलेलो असायचो, त्यामुळे सगळं बिनचूक चालायचं. पण फाइल लोड होऊन संपली की `लोड` ही किंमत पूर्वीसारखी करून ठेवतो. एसबीसीएलमध्ये नवा थ्रेड सुरू केला तर त्याला ग्लोबल किंमत दिसते, आणि ती सहसा `कॉमन-लिस्प-यूजर` असते. तिथे माझा `जमा` नव्हताच. त्यात मी तेव्हा `इंटर्न` वापरत होतो. त्याने त्या परक्या पॅकेजमध्ये नवा `जमा` बनवला आणि मला संदेश आला की `जमा` नावाचं फंक्शन अस्तित्वात नाही. ते तर समोर दिसत होतं! दोन पॅकेजमधले एकाच नावाचे दोन सिंबॉल ही दोन वेगळी माणसं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा नियम सोपा ठेवा: `फाइंड-सिंबॉल` लिहिलं की पुढे पॅकेजचं नाव लिहिलंच पाहिजे. अपवाद नाही.

५. बाहेरून आलेल्या नावांसाठी वेगळं पॅकेज करा

नाव फाइलमधून किंवा नेटवर्कवरून येतं, तेव्हा ते कुणीही लिहिलेलं असू शकतं. तुमच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये शोधलंत तर `कॉमन-लिस्प` पॅकेजमधली सगळी नावं तिथे वारशाने आलेली असतात, `डिलीट-फाइल`सुद्धा. फाइलमधल्या एका ओळीने तुमच्या डिस्कवरच्या फाइल उडवल्या तर दोष त्या ओळीचा नाही, दार उघडं ठेवणाऱ्याचा आहे.

मला आवडलेला उपाय असा की आज्ञांसाठी एक स्वतंत्र पॅकेज करायचं, ते दुसरं काहीही वापरत नाही, आणि त्यातून फक्त परवानगी असलेली नावं एक्स्पोर्ट करायची:

```
(डेफपॅकेज :पासबुक-आज्ञा
  (:यूज)
  (:एक्स्पोर्ट "जमा" "काढ" "शिल्लक"))

(डेफपॅकेज :पासबुक
  (:यूज :कॉमन-लिस्प)
  (:इम्पोर्ट-फ्रॉम :पासबुक-आज्ञा "जमा" "काढ" "शिल्लक"))
```

`(:यूज)` रिकामा ठेवणं महत्त्वाचं आहे. तो अजिबात लिहिला नाही तर काय वापरायचं ते प्रत्येक इम्प्लिमेंटेशन आपापलं ठरवतं. आता क्लास आणि मेथड `:पासबुक` पॅकेजमध्ये नेहमीसारख्या लिहा. `जमा` हा सिंबॉल दोन्हीकडे एकच आहे, आणि परवानगीची यादी म्हणजेच पॅकेजची यादी. वेगळं हॅश-टेबल सांभाळायला नको.

आणि एक कधीही करू नका: बाहेरची ओळ `रीड-फ्रॉम-स्ट्रिंग`ला देणं. मोह होतो, कारण तो सिंबॉलही बनवतो आणि आकडेही वाचतो. पण रीडरमध्ये हॅश आणि टिंबाने सुरू होणारी एक रचना आहे, ती वाचता वाचताच कोड चालवते. `*रीड-इव्हॅल*` ला `निल` करून ते बंद करता येतं, तरी सिंबॉल तयार होत राहण्याचा प्रश्न उरतोच. शब्द तोडा, नाव `फाइंड-सिंबॉल`ला द्या, आकडा `पार्स-इंटिजर`ला द्या.

६. कॉल करण्याआधी तपासा

```
(डेफन आज्ञा-चालव (नाव &रेस्ट बाकी)
  (मल्टिपल-व्हॅल्यू-बाइंड (सिं दर्जा)
      (फाइंड-सिंबॉल नाव :पासबुक-आज्ञा)
    (अनलेस (ईक्यू दर्जा :एक्स्टर्नल)
      (एरर "अशी आज्ञा नाही: ~ए" नाव))
    (अनलेस (कम्प्यूट-ॲप्लिकेबल-मेथड्स
             (एफडेफिनिशन सिं) बाकी)
      (एरर "या माहितीवर ~ए चालत नाही" नाव))
    (अप्लाय सिं बाकी)))
```

`कम्प्यूट-ॲप्लिकेबल-मेथड्स` हे आन्सी प्रमाणातलंच फंक्शन आहे. दिलेल्या आर्ग्युमेंटना लागू होणाऱ्या मेथडची यादी देतं. यादी रिकामी, तर कॉल करून उपयोग नाही. `बाकी`मध्ये पहिला आर्ग्युमेंट खातं हवं, हे विसरू नका. ही तपासणी मेथडच्या टाइपपुरती आहे. ओळीत रक्कमच नसेल, म्हणजे आर्ग्युमेंट कमी पडत असतील, तर त्याची चूक वेगळी येईल. ओळ तोडतानाच शब्द मोजलेले बरे.

नावामागे काही आहे का एवढंच सांगणाऱ्या नुसत्या `एफबाउंडपी`वर थांबू नका. मॅक्रो आणि स्पेशल ऑपरेटर यांनाही तो होकार देतो, आणि ते `फनकॉल` करता येत नाहीत. वरच्यासारखं वेगळं पॅकेज नसेल तर `एफडेफिनिशन`ने नावामागचं फंक्शन घेऊन ते `जेनेरिक-फंक्शन` टाइपचं आहे का हेही बघा.

"लागू मेथड नाही" ही चूक आली की सगळे आधी नावाकडे बघतात. मीही तेच केलं. नाव बरोबर होतं. रक्कम अजून स्ट्रिंग होती, "500", आणि माझी मेथड `इंटिजर` मागत होती. नाव सापडून ही चूक आली असेल तर आर्ग्युमेंटचे टाइप आधी तपासा.

सगळं `हँडलर-केस`मध्ये गुंडाळून कुठलाही `एरर` आला की "अशी आज्ञा नाही" असं छापणं टाळा. मेथडच्या आत झालेली खरी चूकही तिथेच गिळली जाईल, आणि पैशांच्या हिशोबात ते फार महागात पडतं.

७. सेटफ आणि स्लॉट

शिल्लक बदलणाऱ्या `(सेटफ शिल्लक)` या फंक्शनचं नाव सिंबॉल नाही, लिस्ट आहे. ती लिस्ट सरळ `फनकॉल`ला देता येत नाही:

```
(फनकॉल (एफडेफिनिशन (लिस्ट 'सेटफ सिं)) 1000 माझं-खातं)
```

नवी किंमत आधी, ऑब्जेक्ट नंतर. उलटं लिहिलंत तर पुन्हा तीच "लागू मेथड नाही".

स्लॉटसाठी, म्हणजे ऑब्जेक्टमधल्या माहितीच्या जागेसाठी, `स्लॉट-व्हॅल्यू` आहेच, त्याला सिंबॉल चालू प्रोग्राममध्येही देता येतो. मात्र तो ॲक्सेसरला (स्लॉट वाचण्या-बदलण्याच्या फंक्शनला) वळसा घालून जातो, त्यामुळे ॲक्सेसरवर `:आफ्टर` मेथड (मूळ मेथडनंतर चालणारी) लिहून तुम्ही नोंद ठेवत असाल तर ती होणार नाही.

८. नाव फंक्शनचंच असायला हवं का?

आज्ञा दहा-पंधरा असतील आणि सगळ्यांचे आर्ग्युमेंट सारखे असतील, तर मी आता बहुतेक वेळा हा दुसरा मार्ग घेतो. एकच जेनेरिक फंक्शन, आणि आज्ञेचं नाव हा त्याचा पहिला आर्ग्युमेंट:

```
(डेफजेनेरिक पाळ (आज्ञा ख रक्कम))

(डेफमेथड पाळ ((आज्ञा (ईक्यूएल :काढ)) (ख बचत-खाते) रक्कम)
  (डेक्फ (शिल्लक ख) रक्कम))
```

मेथड निवडण्याचं काम सीलॉस करतं, नावावरून आणि खात्याच्या क्लासवरून एकदमच. `(फाइंड-सिंबॉल नाव :कीवर्ड)` ने भलताच कीवर्ड मिळाला तरी त्याची मेथड नसेल, म्हणून काही चालणारच नाही. `शिल्लक`ला रक्कम लागत नाही, ही इथली अडचण: एका जेनेरिक फंक्शनच्या सगळ्या मेथडची आर्ग्युमेंट यादी जुळावी लागते. तिथे `&रेस्ट` घ्यावा लागतो आणि तपासणी हाताने करावी लागते. आर्ग्युमेंट वेगवेगळे असतील तर पाचव्या पायरीचं पॅकेजच बरं.

९. रॅकेट, क्लोजर, इमॅक्स वापरत असाल तर

रॅकेटमध्ये मेथड खरोखरच क्लासच्या असतात. तिथला `सेंड` हा मॅक्रो आहे, नाव व्हेरिएबलमध्ये ठेवून त्याला दिलंत तर तो त्या व्हेरिएबलच्याच नावाची मेथड शोधतो. तुम्हाला `डायनॅमिक-सेंड` हवा. तो ऑब्जेक्ट आणि सिंबॉल घेतो. स्ट्रिंगसाठी `स्ट्रिंग->सिंबॉल`, आणि मेथड आहे का हे पाहायला `ऑब्जेक्ट-इंटरफेस` व `मेथड-इन-इंटरफेस?`. खासगी मेथड अशा कॉल होत नाहीत. लिस्पसारखी सिंबॉलची पॅकेजं नसल्यामुळे चौथ्या पायरीचा त्रास इथे नाही.

क्लोजरमध्ये जावा ऑब्जेक्टवरची मेथड नावाने चालवायची तर `क्लोजर.लँग.रिफ्लेक्टर`मधला `इनव्होकइन्स्टन्समेथड`: ऑब्जेक्ट, नावाची स्ट्रिंग, आर्ग्युमेंटचा ॲरे. क्लोजरचं स्वतःचं फंक्शन शोधायला `एनएस-रिझॉल्व्ह` घ्या आणि नेमस्पेस स्वतः सांगा. साधा `रिझॉल्व्ह` `*एनएस*` वर चालतो, आणि त्याची गोष्ट हुबेहूब `*पॅकेज*` सारखी आहे.

इमॅक्स लिस्पमध्ये नावं सहसा एकाच मोठ्या यादीत राहतात आणि लहान-मोठी लिपी जशीच्या तशी जपली जाते. तिथे `इंटर्न`ऐवजी `इंटर्न-सॉफ्ट` वापरा. नाव आधीपासून नसेल तर तो `निल` देतो.